हे कशाचं? नांदेड-लातूरच्या घरांतल्या ओळख हरवलेल्या वस्तू

बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेतो. टेबलावर घंगाळ आहे, त्यात पाणी आहे. त्या पाण्यावर हे तांब्याचं पात्र अलगद सोडतो. आत्ता सहा वाजून बारा मिनिटं झालीत. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ही वेळ लिहून ठेवा. पात्राच्या तळाला सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे. त्यातून पाणी आत येत राहील, आपण बोलत राहू, आणि केव्हातरी ते बुडेल. बुडालं की आम्हाला मध्येच थांबवा, संकोच करू नका.

हे पात्र नांदेडमधल्या गोदाकाठच्या एका जुन्या वाड्यातून आमच्याकडे आलं. वाडा उतरवायचा ठरला, सामानाची वाटणी झाली, आणि जी तांब्यापितळेची भांडी कुणालाच नको होती ती मोडीत द्यायला बाजूला काढली. त्यात हे होतं. घरच्या सूनबाई म्हणाल्या, "फुटकं आहे, पण इतकं गोल गरगरीत आहे की टाकवत नव्हतं." त्याआधी एक कल्हईवाला दारावर आला होता. तो म्हणाला होता, झाळ लावून छिद्र बुजवून देतो, पाणी प्यायला होईल. त्यांनी त्याला नको म्हटलं, बहुधा पैशांवरून. आम्ही मात्र त्या न जमलेल्या सौद्याचे आभारी आहोत.

आम्ही काही जण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांतून जुन्या घरांतल्या वस्तूंची नोंद करत फिरतो. देवघरातल्या मूर्ती, तलवारी, नाणी हे आमचं क्षेत्र नाही. त्यांना विचारणारे पुष्कळ आहेत. आम्ही माळ्यावर, गोठ्यात आणि न्हाणीच्या कोपऱ्यात पडलेलं बघतो. ज्याच्याबद्दल घरातला कर्ता माणूस म्हणतो, "काय की बा, आमच्या आज्याच्या काळातलं हाय." तिथून आमचं काम सुरू होतं. आणि पहिलीच गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, ह्या कामात आम्ही जितक्या वेळा बरोबर ठरलो तितक्याच वेळा तोंडघशी पडलो आहोत. आज त्यातल्या पडण्याबद्दल जास्त बोलणार आहोत.

चूक होते ती बहुतेक वेळा आकारामुळे. एक साधं उदाहरण घ्या. गावाबाहेर, वेशीजवळ किंवा पडक्या गढीच्या पायथ्याशी एक गोल दगड पडलेला असतो, मधोमध आरपार भोक. गावात त्याला कुणी भीमाचं जातं म्हणतं, कुणी रथाचं चाक. आता गोल आणि मध्ये भोक असलेला दगड म्हटलं की जातं आठवणारच. पण खाली बसून दगडावरून हात फिरवा. जात्याची झीज सपाट अंगावर असते. दळून दळून ते अंग गुळगुळीत झालेलं असतं, आणि गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही म्हणून टाकी लावलेली असते, त्या टाकीच्या खुणा दिसतात. वरच्या पाळूला कडेला खुंट्यासाठी आणखी एक खळगा लागतो. आपल्या ह्या गावाबाहेरच्या दगडाला तसं काही नसतं. त्याची दोन्ही सपाट अंगं खडबडीत, आणि झीज सगळी काठावर, परिघावर. म्हणजे हा दगड आडवा पडून फिरत नव्हता, उभा चालत होता. ही चुन्याची घाणी. जमिनीत गोल चर करायचा, त्याला दगडांनी बांधून काढायचं, त्यात चुनकळी आणि वाळू टाकून पाणी सोडायचं, आणि मधल्या खांबाला जोडलेल्या लाकडी आसावर हे चाक बैलाकडून फिरवायचं. आपल्याकडे कंधार, औसा, उदगीर हे भुईकोट किल्ले आहेत. शिवाय गावोगाव गढ्या, बारवा आणि मठ. एवढ्या चुनेगच्ची बांधकामांना चुना मळायला किती चाकं लागली असतील, विचार करा. त्यातलं एखादं आज मारुतीच्या पाराला टेकवलेलं असतं आणि त्याला शेंदूर लागलेला असतो. शेंदूर लागला की आम्ही गप्प बसतो. त्या दगडाला आता दुसरं काम मिळालेलं आहे.

तर पहिला प्रश्न हा, की वस्तू झिजली कुठं? वापर करणाऱ्याचा हात जिथं लागतो, दोरी जिथं घासते, धान्य जिथून सरकतं, तिथं वस्तू आपलं काम लिहून ठेवते. घडवणाऱ्यानं केलेलं कोरीवकाम दिसायला सुंदर असतं, पण ओळख पटवायला ही झीज जास्त उपयोगी पडते.

शहरातल्या एका हॉटेलात आम्ही जेवायला बसलो होतो. 'गावरान' पद्धतीची सजावट होती, कंदील, बैलगाडीचं चाक वगैरे. टेबलावर एक लाकडी वाडगा, त्याच्या तळाला तीन भोकं, आणि तिन्ही भोकांत प्लॅस्टिकची फुलं. वाढणाऱ्या पोराला विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "फुलदाणी आहे सर, अँटिक." पोराचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. घरी शेती. (हशा.) हसू नका, त्यात त्याची चूक नाही. त्याच्या जन्माच्या आधीच घरची पेरणी ट्रॅक्टरवर गेली होती.

इथं बसलेल्या साठीपुढच्या मंडळींनी ओळखलंच असेल. ते चाडं. तिफणीला तीन फण, प्रत्येक फणाच्या मागं एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्यांची वरची तोंडं ह्या वाडग्याच्या तळाशी येऊन मिळतात. बैल पुढं चालतात, मागून चालणारा माणूस किंवा बाई मुठीतून बी सोडत राहते, ते तीन भोकांतून तीन ओळींत जमिनीत उतरतं. बी सोडणारा हात सारखा एका लयीत हवा. एका नळीत जास्त गेलं तर त्या ओळीत दाटी, दुसरीत विरळ. म्हणून चाड्यावर मूठ धरण्याचा मान घरातल्या जाणत्या माणसाचा असायचा. अजूनही मृग निघाला की वर्तमानपत्रं 'चाड्यावर मूठ' असा मथळा देतात. शब्द छापला जातो, वस्तू मात्र फुलदाणी झाली.

आम्ही ते चाडं उचलून पाहिलं. काठाचा एक भाग इतका गुळगुळीत की शिसवी वाटावा, बाकी काठ साधा बाभळीचा खरखरीत. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच बाजूला मनगट टेकवून बी सोडलेलं. उजव्या हाताचं की डावऱ्याचं, हेसुद्धा त्यावरून सांगता आलं असतं. फक्त चाड्याची पुढची बाजू कोणती हे कळायला ते तिफणीवर बांधलेलं पाहिजे. तिफण कुठाय? विचारलं तर उत्तर मिळालं, सरपणात गेली असेल.

हे 'असेल' फार महागात पडतं. वस्तू एकटी सापडली की अर्धी मुकी होते. आणि ही अडचण आमच्यासारख्या हौशी माणसांचीच आहे असं समजू नका, मोठ्या संशोधकांनाही तीच अडते. त्यासाठी थोडं तेरला जाऊन येऊ. लातूरकरांना तेर काही लांब नाही, मिरजेच्या रेल्वेमार्गावरचं गाव. तेरणा नदीच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाचं मोठं व्यापारी नगर होतं. 'पेरिप्लस' ह्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तकात पैठणबरोबर तगरचं नाव येतं, तिथून भडोचच्या बंदराकडे कापड जात होतं. त्या तगरच्या पांढरीच्या टेकाडांतून आणि आजूबाजूच्या शेतांतून निघणाऱ्या वस्तू तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय गावात आहे. लातूरहून सकाळी निघालात तर दुपारी जेवायला घरी याल, आणि तरी आपल्यातल्या निम्म्यांनी ते पाहिलेलं नसतं.

तिथं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. लहानशी, दागिन्यांनी मढलेली. तिची मोठी बहीण म्हणावी अशी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेई इथं सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या एका घरात ती होती, उंची सुमारे २४ सेंटिमीटर. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच जण यक्षी म्हणतात. आपल्या भोकरदनलाही १९७३ च्या उत्खननात अशाच मूर्तीचा तुकडा मिळाला. आता गंमत पहा. पॉम्पेईच्या मूर्तीच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. पूजेच्या मूर्तीच्या डोक्यात भोक कशाला? एका मतानुसार ती आरशाची मूठ, डोक्यात आरशाची दांडी बसायची. दुसरं मत असं, की तो एखाद्या छोट्या तिवईचा पाय, डोक्यावर फळी टेकलेली. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. कारण वरचा आरसा किंवा वरची फळी सापडलेली नाही. चाड्याची तिफण हरवली तसंच हे.

तेरच्याच वस्तूंमध्ये दुसरी एक आहे, जिचा वाद लगेच मिटतो, म्हणून ती आम्हाला जास्त आवडते. भाजलेल्या मातीचा हातात मावेल असा तुकडा, एका बाजूला आडव्यातिडव्या रेघा खोल कोरलेल्या. परदेशातून आलेला माणूस त्याला शिक्का म्हणेल, किसणी म्हणेल. आपल्याकडची कुठलीही आजी एका क्षणात म्हणेल, वज्री. न्हाणीत टाच घासायची वज्री. सातवाहनकाळापासून आजच्या जत्रेतल्या कुंभाराच्या दुकानापर्यंत ही वस्तू सलग वापरात राहिली. पुढं हिच्या पितळी आवृत्त्या निघाल्या, वर मोर, पोपट, आत घुंगरू. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. त्या पितळी मोराला बघून पुष्कळ लोक त्याला खेळणं समजतात. उलटं करा, खालची रेघांची बाजू बघा, रेघा बोथट झाल्यात का बघा, झालं. इथं ओळख पटवली ती टिकून राहिलेल्या वापरानं. वापर तुटला असता तर ह्या वज्रीवरही निबंध पडले असते.

आता एक वेगळा धोका. वस्तूवर अक्षरं असली की आपण निर्धास्त होतो. वाटतं, तारीखच लिहिली आहे, मग काय? देगलूर भागातून एका सद्गृहस्थांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्याकडे धान्य मोजायचं माप होतं, काठाला लोखंडी पट्टी ठोकलेलं, आणि त्यावर उर्दू आकड्यांत १३४५. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पावणेसातशे वर्षांचं आहे. मुहम्मद तुघलकाच्या वेळचं." हिशेब चुकीचा नव्हता. १३४५ मध्ये दिल्लीला तुघलकच होता. पण मंडळी, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचा सरकारी कारभार फसली सनावर चालायचा. फसली आकड्यात ५९० मिळवा, तुमचं इसवी साल येतं. म्हणजे १३४५ फसली हे १९३५-३६. कुणी म्हणेल, हिजरी असेल. असू दे, तरी १९२६-२७. कसंही धरलं तरी माप आपल्या आजोबांच्या तरुणपणातलं. सद्गृहस्थांचा चेहरा पडला. आम्हालाही वाईट वाटलं, पण चहा चांगला मिळाला.

खरं तर त्यांनी नाराज व्हायचं कारण नव्हतं. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर, अधोली, पायली बाजारातून उठली. लोखंडी पट्टीचं सरकारी छापाचं माप घरात राहिलं म्हणजे त्या घरात देवघेव होती, कदाचित सावकारी, कदाचित आडत. पट्टी कशाला? काठ झिजला तर माप लहान होतं आणि घेणाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून. आम्ही त्या मापात ज्वारी भरून तिचं वजन केलं, ते नोंदवलं. छाप मात्र वाचला शेजारच्या नव्वदीतल्या काकांनी. त्यांचं प्राथमिक शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, भजनाची वही मराठीत आणि जुने कागद उर्दूत वाचणारी ती पिढी. चष्मा पुसला आणि सरळ वाचत गेले. अशी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि आम्ही त्यांच्याकडे नेहमी 'पुढच्या आठवड्यात' जाणार असतो.

लातूरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. तुमच्या घरच्या जुन्या मापावर किंवा कागदावर जिल्हा उस्मानाबाद दिसला तर ते बाहेरून आलं असं समजू नका. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी लातूर उस्मानाबादमध्येच होतं.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो. बोलायला जड जातं. तेरवरून वाहणारी तेरणा पुढं औसा-निलंग्याच्या बाजूला जाते, त्याच खोऱ्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या घरातली गेली असतील. घरं काळ्या दगडाची, मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंतींची, वर लाकडी खणांवर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार ठेवणारं तेच माळवद त्या पहाटे अंगावर आलं. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारखी घरं, भूकंपाला टिकतील अशी. ते योग्यच झालं, त्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही.

पण जुन्या घरात वस्तूला जागा होती. उखळ जमिनीत पुरलेलं, त्याच्या वर मुसळाला धरायला बाईला उभं राहायची जागा. देवळीत पणती. माळवदाला उजेडासाठी सवणं. नव्या घरात मुसळ आलं, उखळ जुन्या गावठाणात राहिलं. मग नातवाच्या हातात मुसळ हा नुसता लांब दांडा होतो, साप मारायच्या कामाचा.

अशाच एका नव्या गावठाणात आम्हाला एका आजींनी लाकडाचा एक ठोकळा दाखवला. वीतभर लांब, एका टोकाला निमुळता. निमुळती बाजू तुळतुळीत, जाड टोकाला मात्र मातीचा थर चिकटून वाळलेला. आम्ही तिघंही होतो. एक म्हणाला, कांडणाचा बत्ता. दुसरा म्हणाला, मेख ठोकायची मोगरी. तिसऱ्यानं मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, धुणं बडवायचं. आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "लेकरांनो, बडवून बगा बरं ह्यानं धुनं, हात मोडंल. बळदाचा बोळा हाय ह्यो."

तरुण मंडळींसाठी सांगतो. बळद म्हणजे घरातच, भिंतीच्या पोटात बांधलेलं धान्याचं कोठार. पेव जमिनीखाली असतं, बळद भिंतीत. वरून, कधी थेट माळवदावरून, ज्वारी ओतायची आणि खाली भिंतीला ठेवलेल्या तोंडातून लागेल तेवढी काढून घ्यायची. ते खालचं तोंड बंद करायला हा बोळा. आत ठोकून बसवायचा आणि वरून शेणमातीनं लिंपायचं, म्हणजे किडा-मुंगी जात नाही आणि कुणी गुपचूप धान्य काढलं तर लिंपण फुटलेलं दिसतं. आता सगळं जुळलं. निमुळती बाजू धान्याच्या घासणीनं तुळतुळीत, जाड टोकावर लिंपणाचा थर. आम्ही झीज बघितली होती, माती बघितली होती, तरी भिंत डोळ्यांसमोर नसल्यामुळे उत्तर सुचलं नाही. ज्यांच्या घरात बळदच नाही त्यांना बोळा कसा सुचणार?

आम्ही विचारलं, आजी, हे जपून का ठेवलंत? म्हणाल्या, ज्वारी सगळी मातीत गेली, उकरताना हा हाताला लागला. सासूच्या हातचा होता. मग थोडं थांबून म्हणाल्या, "बोळा ऱ्हायला, बळद गेलं." आमच्यातल्या एकानं तेवढ्यात सवयीनं वस्तू फोटोसाठी स्वच्छ करायला फडकं काढलं. आजींनी बोळा पटकन मागं घेतला. "माती ऱ्हाऊ द्या." ती माती जुन्या घराची होती. नोंदीच्या दृष्टीनंही तीच खरी महत्त्वाची होती, पण ते आम्हाला...

(श्रोत्यांमधून: "बुडालं, बुडालं!")

बुडालं? वेळ सांगा. सहा तेहतीस. म्हणजे एकवीस मिनिटं. धन्यवाद. ऑनलाइन ऐकणाऱ्यांना आवाज आला की नाही माहीत नाही, 'डुब्' असा बारीक आवाज येतो.

तर मंडळी, हे काय असावं? बऱ्याच जणांच्या मनात आलंच असेल, घटिकापात्र. दिवस-रात्रीच्या साठ घटका, एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. पात्र बुडालं की एक घटका भरली. आपल्या बोलण्यात ती अजून आहे, 'घटकाभर बस' म्हणतो, म्हातारा शेवटच्या घटका मोजतो म्हणतो, आणि 'घड्याळ' ह्या शब्दातही तीच घटी आहे. लग्नाचा मुहूर्त साधायला ग्रामजोशी हे पात्र पाण्यावर ठेवायचे. लीलावतीची कथा तुम्हाला ठाऊक आहे. भास्कराचार्यांच्या मुलीच्या वस्त्रावरचा मोती पात्रात पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला. ही कथा सगळ्यात आधी लिहिलेली मिळते ती फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ती खरी असो नसो, छिद्राचं महत्त्व सांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

पण आपलं पात्र एकवीस मिनिटांत बुडालं. घरी दोनदा केलं तेव्हाही वीस आणि एकवीस आली. तीन मिनिटं कमी म्हणजे दिवसाला तीन तासांचा घोळ. असलं पात्र कुठला जोशी ठेवेल? दुसरी शक्यता अशी, की ही महादेवाच्या पिंडीवर टांगायची गळती, अभिषेकपात्र. तिच्याही तळाला छिद्र. आपल्या भागात महादेवाला काय तोटा आहे? औंढ्यापासून परळीपर्यंत सगळीकडे गळती लागते. आणि पात्राच्या काठाखाली बोटभर अंतरावर दोन बारीक छिद्रं आहेत, अगदी समोरासमोर, टांगायची कडी बसवायला असावीत तशी.

दोन्हींतलं कोणतं, हे एका गोष्टीनं सहज ठरलं असतं. गळतीत पाणी सतत आत भरलेलं असतं आणि थेंब-थेंब खाली पडतं. त्यामुळे क्षाराचा पांढरा थर आतल्या अंगाला धरतो, आणि बाहेर छिद्राभोवती थेंबाच्या जागी एक छोटा टेंगूळ होतो. घटिकापात्र बुडतं, उचलून रिकामं करतात, पुसतात. त्याला असा थर धरत नाही. हे पात्र आमच्याकडे आलं तेव्हा त्यावर पांढरं काहीतरी होतं. होतं, असं म्हणतो, कारण आम्ही ते चिंच आणि राखेनं घासून लख्ख केलं. व्याख्यानात दाखवायचंय, चकाकलं पाहिजे म्हणून. आधीचा एकच फोटो आहे, वरून काढलेला, त्यात तळ दिसत नाही. आजींनी फडकं धरणारा हात अडवला होता, त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही हे केलं. आता ह्याची भरपाई नाही.

उरलं ते एवढंच. परवा आम्ही हे पात्र नांदेडच्या भांडीबाजारातल्या एका तांबटकाकांकडे नेलं. त्यांनी भिंग वगैरे काही घेतलं नाही, करंगळी फिरवली. म्हणाले, "साहेब, खालचं छिद्र आणि वरची छिद्रं एका हातची नाहीत." तळाचं छिद्र आतून-बाहेरून सफाईदार आहे, कड कुठंच उचललेली नाही. काठाखालची दोन्ही छिद्रं घाईत टोच्यानं पाडलेली, पलीकडच्या बाजूला पत्रा फाटून कड उलटलेली. जो कारागीर इतकं हलकं, इतकं सारखं पात्र ठोकतो तो कडीसाठी अशी छिद्रं पाडणार नाही. म्हणजे ती नंतरची. घरात भिंतीवरचं घड्याळ आलं असेल, घटिकापात्र बिनकामाचं झालं असेल, आणि कुणीतरी त्याला कड्या लावून देवळात दिलं असेल. पुढं कड्या गेल्या, पात्र परत घरी आलं.

हे खरं असेल तर तीन मिनिटांचा हिशेबही लागतो. पात्र बुडत बुडत वरच्या छिद्रांपर्यंत आलं की तिथूनही पाणी घुसतं आणि ते वेळेआधी बुडतं. शेवटी ते एकदम गेलं, हे पुढच्या रांगेनं पाहिलं असेल. वरची दोन छिद्रं बुजवली आणि वेळ चोविसाच्या जवळ आली तर घटिकापात्राची बाजू बळकट होईल. नाही आली तर आम्ही पुन्हा तोंडघशी. घरी हे मुद्दाम करून पाहिलेलं नाही.

मेणबत्ती आहे ना? दोन थेंब इकडे, दोन तिकडे. फक्त काठाखाली, तळाला मेण लागायला नको, नाहीतर लीलावती व्हायची. (हशा.) पाणी बदललेलं नाही, तेच आहे. सहा वाजून चाळीस मिनिटं. सोडलं. तोवर प्रश्न घेऊ. मागे निळ्या शर्टातल्या काकांनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्याकडे पिशवीत काहीतरी आहे वाटतं. आणा काका, पण पुसू नका, आहे तसंच आणा.